दगडांची जोडी

मित्रांनो, कोलोरॅडोतल्या एका अंगणाच्या कुंपणात मी उभी आहे, बर्फावरून घसरायची एक जुनी लाल स्की. शेजारी माझी जुळी बहीण. इथे कशी आले ते सांगते. त्यात माझी अब्रू राहणार नाही, पण सांगते.

आठ हिवाळे आमच्या मालकिणीच्या, ऑड्राच्या पायाखाली आम्हीच होतो. मागे घसरू नये म्हणून तळाला पट्ट्या चिकटवून ती डोंगर चढायची, माथ्यावर त्या सोलून सुसाट खाली यायची. मग निळी जोडी आली आणि आम्ही झालो 'दगडांची जोडी'. इकडे घरोघरी अशी एक असते. नोव्हेंबरात बर्फ थोडा, दगड खाली दडलेले. तेव्हा खरचटून घ्यायला जुनी. बर्फ साचला की नवी बाहेर, जुनी खुंटीवर.

माझा नुसता जळफळाट व्हायचा! तिला मेण, तिला मऊ पिशवी. मी म्हणायचे, मेला बर्फच पडू नये. त्याहून वाईट म्हणजे, एकदा तरी त्या निळीच्या पोटात दगड घुसू दे.

एका नोव्हेंबरात ऑड्राने थेट निळीलाच हात घातला. तिची मैत्रीण जोलीन ओरडली, "वेडी की काय? गवत दिसतंय अजून!"

"वीतभर पडलाय की."

"हो, वीतभर बर्फ नि हातभर दगड. जुनी घे मुकाट्याने."

"मग नवी काय भिंतीला शोभा म्हणून आणली?"

दुपारी ऑड्रा परतली ती तोंड पाडून. निळीच्या तळाला लांबलचक चीर पडली होती, कड वाकली होती. बरं झालं, खोड मोडली! खुंटीवर मी अगदी सुखावले.

जोलीनने चिरेवरून बोट फिरवलं. "बुजवता येईल. दगडांसाठी झकास जोडी झाली बघ तुला."

"आणि ह्या लाल?"

"त्यांना कुंपणात ठोक."

माझी जागा मीच निळीला देऊन बसले होते.

आता घरात हिरवी जोडी आली आहे. काल खिडकीतून मला दिसलं, निळी तिच्याकडे टक लावून बघत होती. ती नजर मी बरोबर ओळखते. 'नको गं बाई' असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझं तिला कुठलं ऐकू जायला! म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. दुसऱ्याच्या वाटेत दगड मागू नका. आणि तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू खुंटीवर असेल, तर तिला अधूनमधून हात लावा, पुसा. नुसतं टांगून राहिलं की मनात नको नको ते येतं.