न धुतलेली ओळ

“या ओळीची रोपं कुणाच्या हातची?” संशोधकबाईंनी विचारलं, तसे टेकडीवर जमलेले सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

पाच वर्षांत या टेकडीवर हजारो रोपं लावली आणि हजारो वाळली. तगली ती एवढीच, चौदा. बाईंनी एकाचं मूळ उकरून दाखवलं. त्यावर पांढरी जाळी पसरली होती.

“ही बुरशी मुळाला लांबून पाणी आणून देते, मूळ तिला साखर देतं. दोघांचा संसारच तो. बाकीची मुळं कुणीतरी धुऊन काढलीत. मारलीच म्हणा ना!”

लख्खबाईनं मुळावरची नजर काढून घेतली. रोपवाटिकेत हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. लावणीआधी प्रत्येक मूळ तीन पाण्यांतून काढायचं, पांढरं दिसलं की बुरसलं म्हणून निपटायचं, ही तिचीच शिस्त. धाकटी जाऊ तेव्हा तिच्या हाताखाली होती. “ताई, पांढरं काढलं की रोप मलूल होतं हो,” म्हणाली, आणि चौदा रोपं तिनं तशीच टेकडीवर पाठवली. लख्खबाईनं रोपवाटिकेच्या साहेबांच्या कानी घातलं, बाई गबाळी आहे, कामचुकार आहे. जाऊ त्याच आठवड्यात घरी बसली. पुढे घरातही तिचं तेच नाव झालं, गबाळी.

“बोला की,” संशोधकबाई हसल्या. “असा हात मला हवाय. नव्या रोपवाटिकेत मुकादम करते.”

साहेबांना जुनं काही आठवत नव्हतं. जुन्या बायकांना आठवत होतं, पण त्यांनी माना खाली घातल्या. लख्खबाईशी वाकड्यात कोण शिरणार?

“माझ्या,” लख्खबाई म्हणाली. जीभ कशी रेटली, तिचं तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जाऊ मोरीत हात घासत होती. गबाळी ठरल्यापासून तिला हाच चाळा लागला होता. पिठात हात घालायच्या आधी तीनदा, नंतर तीनदा. बोटांची सालं निघाली होती.

“ताई, टेकडीवर गेला होतात ना?” तिनं नळ बंद केला. “माझी ती चौदा रोपं... एखादं तरी जगलं का हो?”

“नाही गं. सगळी वाळली.”

“वाटलंच मला. माझ्या हातालाच यश नाही.”

जावेनं नळ सोडला आणि साबण पुन्हा हातात घेतला.