तिघांच्या तीन बॅटऱ्या

एका रविवारी बोट तळ्याच्या ऐन मध्यावर बंद पडली आणि खापर बॅटऱ्यांवर फुटलं. म्हणजे आधी एकमेकांवर फुटलं, मग बॅटऱ्यांवर. बापू म्हणाला, दादाची बॅटरी जुनी झालीये. दादा म्हणाला, तुझी फुगलीये ती बघ आधी. छोटीनं बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं आणि त्यानंच वल्हवायला घेतलं. दीड तासानं तिघं भावंडं धक्क्याला लागली, तेव्हा बापूनं सरळ हात झटकले.

"दादा, तू थोरला. तिन्ही नव्या घे. कुठल्या घ्यायच्या ते तूच ठरव, पण रविवारच्या आत."

आता दादा जन्माचा शिंपी. पँटचं कापड किती लागेल ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. बॅटरीतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण थोरला म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

बोट त्यांच्या बाबांची. पाँटून बोट म्हणतात तसली: खाली दोन लांब पोकळ नळकांडी, त्यांवर सपाट फळ्या, भोवती कठडा, वर कापडी छत. बैठकीची खोलीच उचलून पाण्यात सोडावी तशी दिसायची. बाबा थकले तसं बोट कुणाची यावरून घरात रोज वाजायला लागलं. शेवटी बाबांनी तिघांना समोर बसवलं. विजेच्या मोटरला बॅटऱ्या तीन लागतात आणि तिन्ही जोडल्याशिवाय ती हूं की चूं करत नाही. बाबांनी बोट कुणालाच दिली नाही, बॅटऱ्या वाटल्या. एकेकाला एकेक. ज्याची त्यानं घरी न्यायची, चार्ज करायची, रविवारी घेऊन यायची. "आता भांडा," म्हणाले.

बाबा गेल्याला अठरा वर्षं झाली, पण पद्धत टिकली. रविवारी तिघं आपापली बॅटरी घेऊन यायची, जोडायची, तळ्यात मध्यावर जायची, डबे उघडायची, यथेच्छ भांडायची आणि परत यायची.

दादाला दुसरं होतं काय? बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुकानावरच्या खोलीत एकटाच राहायचा. सोमवार ते शनिवार माणसांशी बोलायचा ते छाती, कंबर, उंची एवढंच. त्याचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि रविवारीच संपायचा.

तर सोमवारी दादा गळ्यात टेप घालून बॅटरीच्या दुकानात गेला. दुकान चालवणारी बाई चटपटीत होती.

"किती अँपिअर-अवरची हवी?"

"लांबी तेरा इंच, रुंदी पावणेसात," दादा ठासून म्हणाला.

"ते पेटीचं माप झालं हो काका. मी म्हणतेय, सलग किती वेळ चालवता?"

"भांडण संपेपर्यंत."

बाईनं कपाळाला हात लावला. मग तिनं समजवायला घेतलं. गाडीची बॅटरी एकदम जोर लावते आणि थांबते; बोटीला तासन्‌तास हळूहळू वीज देणारी लागते. त्यात पुन्हा पाण्याची, जेलची, लिथियमची. पाण्याची स्वस्त पण जड, तिला वरचेवर पाणी घालावं लागतं. जेलची सांडत नाही, पण चार्जर वेगळा. आणि तिन्ही एकाच जातीच्या, एकाच वयाच्या हव्यात. "तुम्ही एक आज, एक तीन वर्षांनी, अशा आणत आलात ना? मग जुनी बॅटरी नवीलाही सोबत घेऊन बसते."

दादा 'हो हो' म्हणत राहिला. सगळं डोक्यावरून गेलं.

समोरच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, लिथियमच्या वाटेला जाऊ नका, पेट घेतं. पँट शिवायला आलेला एक इंजिनिअर म्हणाला, कुणी सांगितलं, लिथियमच घ्या. माप देता देता तो अर्धा तास व्होल्ट आणि अँपिअर सांगत होता. तो गेल्यावर दादानं वही उघडली, तर स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं: कंबर छत्तीस व्होल्ट. अरे देवा! आता त्या माणसाची कंबर नक्की किती, हेही कळेना. डोक्याचा नुसता भुगा झाला.

गुरुवारी तो पुन्हा बॅटरीच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "बाई, आता तुम्हीच सांगा. मी हरलो."

"मला विचाराल तर तीन घेऊच नका. एकच घ्या, छत्तीस व्होल्टची लिथियम. तिघींचं काम एकटी करेल. बोटीवरच राहील, धक्क्यावरच चार्ज होईल. कुणाला काही उचलून आणायला नको."

"कुणाला नको?"

"कुणालाच नको."

दादाला इतके दिवस एकही गोष्ट कळत नव्हती, ही मात्र लख्ख कळली. आणायला काही नसेल, तर ती दोघं येतील कशाला?

खात्री करायला त्यानं बापूला फोन लावला. बापू उड्या मारायच्या बेतात. "अरे, घे की मग! कंबरडं मोडलंय माझं. आणि मग दर रविवारी तिघांनी यायचंही कारण नाही. ज्याला जमेल त्यानं फिरवून आणायची. कटकटच मिटली!"

कटकट. दादानं फोन ठेवला. मग बॅटरीच्या दुकानात गेला आणि पाण्याच्या तीन बॅटऱ्या घेऊन आला. एकेक अठ्ठावीस किलोची. बाई म्हणाली, "काका, नीट ऐकलंत ना मी काय म्हणाले ते?" दादा म्हणाला, ऐकलं. दोघांच्या घरी एकेक पोचती करून वर फोनही केला: एक मोठी आपल्या मोटरला चालत नाही, असं बाई म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तेच दोनदा सांगून झालं.

रविवारी त्याला घरात बसवेना. नेहमी तो बोटीवर वाट बघायचा, त्या दिवशी बसथांब्यापर्यंत चालत गेला. म्हटलं, छोटीला सोबत होईल.

छोटी म्हणजे बावन्न वर्षांची बाई, पण घरात छोटीच. ती बसमधून उतरली ती बाजाराची चाकाची पिशवी ओढत. पिशवीचं एक चाक तुटलेलं. आत बॅटरी. पंधरा-वीस पावलं ओढली की ती थांबायची, कमरेवर हात ठेवून फुटपाथच्या कठड्याला टेकायची. दादानं लांबूनच पाहिलं: पदर सरकलेला आणि कमरेला रुंद पट्टा बांधलेला होता, डॉक्टर देतात तसला. उभा जन्म लोकांच्या कंबरा मोजल्या, आणि सख्ख्या बहिणीची कंबर त्याला आज दिसत होती.

तो धावतच गेला. "अगं, हे काय? पट्टा कधीपासून?"

"मणक्याचं दिवाळं निघालंय, दुसरं काय," ती हसत म्हणाली. "झालं की वर्ष. डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? बोट चालली असती माझ्या बॅटरीशिवाय?"

दादा जवळच्याच बाकावर बसला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. एक बॅटरी चालली असती, बाईनं दोनदा सांगितलं होतं, मीच खोटं बोललो.

"ठाऊक आहे मला," छोटी म्हणाली. "पिशवीत आडवी ठेवली तर पाणी सांडेल का, हे विचारायला मी दुकानात फोन केला होता. ती बिचारी म्हणाली, तुमच्या भावाला एकच घ्या म्हणून सांगून थकले."

"मग आणलीस कशाला ही?"

"तू घेतलीस म्हणून."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पिशवीची मूठ तिच्या हातातून काढून घेतली. "उद्याच जाऊन बदलून आणतो. एकच आणतो. पुढच्या रविवारी रिकाम्या हातानं यायचं."

"आणि नाही जमलं एखाद्या रविवारी?"

दादानं पिशवी जवळ ओढली. "तर... नाही जमलं."

ती शेजारी बसली. मग ती म्हणाली, "दादा, अठरा वर्षं मी येतेय. एकदा तरी 'ये' म्हणालायस का रे? दर वेळी नुसतं 'बॅटरी आण' म्हणतोस."

एवढा सोपा शब्द, पण दादाच्या तोंडून निघेना.

"पुढच्या रविवारी ये," तो म्हणाला.

"बघते," छोटी म्हणाली.