देवापुढचा पाट आणि लाल खुर्ची

मित्रांनो, मी देवघरातला एक जुना पाट आहे. सागवानी, चार बोटं उंच, कोपऱ्यांवर पितळी फुल्या. परतवाड्याच्या नत्थुजी सुतारांनी मला घडवलं आणि वच्छलाबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत अमरावतीला आलो. चाळीस वर्षं त्या रोज सकाळी माझ्यावर बसल्या. देवांना पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला. सोमवार, गुरुवार, एकादशी, एकही व्रत चुकलं नाही. घरात पाट आणखी तीन होते, पण देवापुढचा मान माझाच. त्याचा मला गर्व होता, आता कबूलच करतो.

साठी उलटली तशा त्या उठताना भिंत धरू लागल्या. चैत्रातल्या एका सोमवारी तर उठताच येईना.

"रागिणी, हात दे वं माय. पाय उचलूनच नाही राहिले."

सून रागिणी धावत आली, दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची त्यांना आठवण झाली होती. त्या घरची पद्धत अशी, की पूजेला थोरल्या बाईने सोवळ्यात पाटावर बसायचं आणि आपली आपण उठून नैवेद्य दाखवायचा. तोवर तिला कोणी शिवायचं नाही. मग हात कोण देणार? जमलं नाही, तर पूजा अकोल्याच्या धाकट्या जावेकडे, केशरबाईंकडे जाणार होती.

दुसऱ्याच दिवशी घरात लाल प्लास्टिकची खुर्ची आली. ती माझ्या जागेवर ऐटीत बसली आणि मी गेलो दाराआड! चाळीस वर्षांची सेवा माझी, आणि मान या कालच्या पोरीला! तिचा पाय मोडू दे, असं मी देवाजवळ मागितलं. देवघरात राहून असं मागू नये, पण मागितलं.

मग व्यायाम शिकवायला आचल नावाची मुलगी येऊ लागली.

"काकू, गुडघे बरे आहेत तुमचे. मांड्यांतली ताकद गेली. वय वाढलं की ती कमी होते, पण मेहनत केली तर साठीनंतरही येते. जेवता काय?"

"सोमवारी साबुदाणा, गुरुवारी भगर. बाकी दिवस एक भाकर."

"मग पाय उठतील कशाच्या जोरावर? उपास करा, पण दूध, दही, शेंगदाणे घ्या. बाकी दिवस वरण घट्ट पाहिजे."

"देव रागावन ना वं?"

"तुम्ही उठून त्याला नैवेद्य दाखवाल, तर कशाला रागावेल?"

दुसऱ्या दिवसापासून वच्छलाबाई हात न टेकता खुर्चीवरून उठू-बसू लागल्या. आधी पाच वेळा, मग दहा, तेही दिवसातून तीनदा. प्रत्येक उठण्याला देवाचं एक नाव. चाळीस वर्षांत माझ्यावरून त्या दिवसातून एकदा उठल्या, आणि तिच्यावरून तीस वेळा! मी दाराआड जळत होतो. रेतीने भरलेल्या दोन बाटल्या त्या वर-खाली करायच्या, मला त्या बाटल्यांचाही हेवा वाटे.

आषाढात आचल म्हणाली, "आता चढ-उतार करायला बुटकी पायरी पाहिजे. हा पाट चालेल."

"अवं, देवाचा पाट हाय तो! त्याच्यावर पाय देऊ?"

अंगणातून वीट आणली. माझा मान राहिला, आणि पायांचा स्पर्श मिळाला विटेला! त्या दिवशी मला माझा मान नकोसा झाला. दोन दिवसांनी वीट डगमगली, वच्छलाबाईंचा तोल गेला. भिंत होती म्हणून वाचल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सकाळी उठून धरतीची माफी मागते अन् तिच्यावर पाय ठेवते. तशी याचीही मागीन."

त्यांनी मला पुसलं, नमस्कार केला आणि उजवा पाय माझ्यावर ठेवला. मित्रांनो, इतका भार मी कधी आनंदाने पेलला नव्हता.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मी पुन्हा पूजेसमोर होतो. केशरबाई लाल खुर्चीवर बसून बघत होत्या. तासाभराने पूजा संपली. रागिणी सवयीने पुढे झाली आणि थबकली. वच्छलाबाईंनी एक पाय जमिनीवर रोवला, आपलाच हात आपल्या मांडीवर दाबला. पाय थरथरले. मीही थरथरलो. आणि त्या उठल्या.

"काहो बाई," केशरबाई म्हणाल्या, "खाऊन काय राहिल्या तुमी आजकाल?"

"वरण. घट्ट."

सगळे हसले. तेव्हा मला कळलं, ज्या खुर्चीवर मी चार महिने जळलो, तिनेच त्यांना माझ्यापर्यंत परत पोहोचवलं होतं. माझं मागणं देवाने ऐकलं नाही, हे किती बरं झालं! तरी निघताना केशरबाई तिला "छान हाय वं खुर्ची" म्हणाल्या, तेव्हा थोडं टोचलंच.

मित्रांनो, तुमच्या घरी आजी जमिनीवरून उठत असेल, तर लगेच ओढून उभं करू नका. जवळ उभे राहा, पडणार नाही एवढं बघा, आणि जरा दम धरा. तिला तिच्या पायांवर उठू द्या.