दुखण्याचा रंग गुलाबी

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी आठ वाजताच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. घडीच्या खुर्च्या कधीच भरल्या होत्या. उरलेले भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांच्याही मागे, थेट जिन्यापर्यंत, माणसं नंबराच्या चिठ्ठ्या मुठीत धरून बसली होती. कुणाची मान आखडलेली, कुणी कंबर धरलेली. समोर उंच स्टुलावर दोन काचेची भांडी होती, दोन्हींत नितळ पाणी. आणि त्या स्टुलाशेजारी हातवाले.

त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसत्या हाताने दुखणं ओढून काढतात, म्हणून हातवाले.

"दुखणं यंत्राला दिसत नाही, कारण यंत्राला हृदय नाही!" ते माइकवर सांगत होते. "माझ्या या बोटांत विश्वाची वीज आहे. ती दुखण्याला वर ओढते, कापडावर उमटवते आणि पाण्यात सोडून देते!"

विश्वाची वीज बोटांत असूनही मध्येच बंद पडलेला माइक मात्र त्यांना तीनदा आपटावा लागला. मी मागच्या रांगेत गालातल्या गालात हसले. तेवढ्यात माझ्या ताईचा नंबर पुकारला गेला आणि माझं हसू मावळलं.

ताई खुर्चीत बसली. तिच्या पाठीवर आणि खांद्यांवर पांढरं शुभ्र कापड पसरलं गेलं. हातवाल्यांनी डावीकडच्या भांड्यात बोटं बुडवली आणि मानेखाली अंगठा दाबला. "इथे?"

ताई कळवळली. "हो!"

"आणि इथे?"

"आई गं! हो, हो!"

अंगठा जिथे जिथे टेकला तिथे तिथे कापडावर गडद गुलाबी ठिपका उमलला. एक, दोन, पाच, नऊ. हॉलमधून हुंकार उठला.

"मी हिला काही विचारलं होतं?"

"नाही!" लोक गरजले.

"हिने काही सांगितलं होतं?"

"नाही!"

मग त्यांनी ते कापड उजवीकडच्या भांड्यात बुडवून वर काढलं. पुन्हा पांढरं स्वच्छ. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई खुर्चीतच ढसाढसा रडायला लागली.

जिना उतरताना तिने डोळे पुसत, हसत माझा दंड घट्ट धरला. "छोटे, त्यांनी न सांगता ओळखलं गं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं."

ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापणी करायची. कापडाचे वीस थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि विजेची कातर अशी फिरवायची की पहिला आणि विसावा तुकडा सुताइतकाही वेगळा निघू नये. तिच्या हाताची कारखान्यात ख्याती होती. मग एका लांबलेल्या आजारपणानंतर तिचं अंग दुखू लागलं ते थांबलंच नाही. आज मान, उद्या कंबर, परवा सगळंच. स्वेटरचं ओझं व्हायचं. नऊ तास झोपून उठली तरी रात्रभर कुणी बदडल्यासारखी दिसायची. बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा माझ्यासमोर कात्री हातात धरून म्हणाली, "हे... हे कापायचं गं, काय म्हणतात याला?" आणि दोघींनाही घाबरायला झालं.

रक्त तपासलं, एक्स-रे काढले. सगळं उत्तम. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करणारे. बिघाड असेल तर तो सापडतोच, ही त्यांची पक्की समजूत. ते म्हणायचे, "रिपोर्टमध्ये काही नाही, मग दुखतं कुठून?" आणि मी? मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, जे काट्यावर दिसेल तेच खरं मानणारी. मी तिला सांगितलं, "मन रमव गं कशात तरी." आजही ते वाक्य आठवलं की जीभ तोडावीशी वाटते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी शेवटी आजाराला नाव दिलं: फायब्रोमायल्जिया. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, थोडं थोडं चालायला सांगितलं, दमण्याआधीच विसावा घ्यायला सांगितलं. "हा पूर्ण बरा होईल असं वचन मी देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सांभाळता येतो." ताईने यातला पहिला अर्धा भाग ऐकला. आम्ही घरच्यांनी तोही धड ऐकला नाही. आणि मग कुणीतरी तिला हातवाल्यांचा पत्ता दिला.

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. तो गुलाबी रंग मी पहिल्या ठिपक्यालाच ओळखला होता. एकोणीस वर्षं मी मुलांच्या प्रयोगांसाठी फिनॉल्फ्थॅलिनच्या बाटल्या भरते आहे. हे रसायन एरवी बिनरंगी असतं. त्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की गुलाबी होतं, आणि आम्ल लागलं की रंग जातो. आठवी-नववीची मुलं हे करतात. मला तिथेच ओरडता आलं असतं. पण ताई जिन्यावर हसत होती. तीन वर्षांत मी तिचं हसू पाहिलं नव्हतं. राहू दे, म्हटलं, कापडाने कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं. हातवाल्यांनी तिला बजावलं होतं, "गोळ्या म्हणजे भिंत. भिंत पाडा, तरच वीज आत शिरेल." ताईने त्याच दिवशी गोळ्या एकदम बंद केल्या. आणि खरंच, चार दिवस तिला बरं वाटलं. कुणीतरी आपलं ऐकलं, एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. त्या चार दिवसांत तिने घरातले सगळे पडदे धुतले आणि कारखान्यात दुप्पट काम मागून घेतलं. पाचव्या दिवशी कापणीच्या टेबलाशी तिला चक्कर आली. विजेची कातर भरकटली. नशीब, बोटं वाचली. पण वीसच्या वीस थर तिरके कापले गेले. मालक ओरडला नाही. त्याने तिला फक्त बाजूला बसायला सांगितलं आणि टेबल दुसरीला दिलं.

त्यानंतर अंगदुखी दुपटीने आली, झोप उडाली, घेरी येऊ लागली. ताई पुन्हा हातवाल्यांकडे गेली. ते डोळे मिटून म्हणाले, "तुझ्या घरात कुणीतरी शंकेखोर आहे. ती शंका वीज अडवते आहे."

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर तिने दार अर्धवटच उघडलं. "छोटे, काही दिवस येऊ नकोस."

"ताई, अगं मी..."

"मला बरं व्हायचंय गं," ती म्हणाली आणि दार लावलं.

पुढच्या रविवारी मीही नंबराची चिठ्ठी घेतली. ताई पहिल्या रांगेत होती. भाऊजींनी तिला धरून बसवलं होतं. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली.

माझा नंबर आला. "काय दुखतं, लेकी?" हातवाल्यांनी विचारलं.

"आपल्या बोटांना कळतं ना? आपणच सांगा."

त्यांनी कापड पसरलं, बोटं बुडवली, खांद्यावर अंगठा दाबला. ठिपका उमटला. "खांद्यात जुनं दुखणं आहे!"

"मला तर काहीच दुखत नाही."

"अजून वर आलेलं नाही. सहा महिन्यांत येईल!" लोकांनी माना डोलावल्या.

मी उठले, अंगावरचं कापड काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं. डाव्या भांड्यात बोट बुडवून त्यावर दाबलं. गुलाबी.

"अगंबाई," मी म्हटलं, "खुर्चीच्याही पाठीत कळ आहे!"

एकजण फिसकन हसला. मग मी दुसऱ्या हाताचं कोरडं बोट कापडावर दाबलं. काहीच उमटलं नाही. जवळच गुडघा धरून बसलेले एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही करून बघा." ते भीत भीत पुढे आले, बोटं बुडवली, कापडावर टेकवली. पाच ठिपके. ते स्वतःच्या बोटांकडे बघतच राहिले.

मग मी सगळं सांगितलं. कापड आधीच फिनॉल्फ्थॅलिनमध्ये भिजवून वाळवलेलं. डाव्या भांड्यात धुण्याचा सोडा, उजव्यात लिंबूसत. "यात वीज नाही," मी म्हटलं, "नववीच्या पुस्तकातला एक प्रयोग आहे."

"अपवित्र हात लागला! भांडी बाटली!" हातवाले ओरडले, पण त्यांच्या आवाजातला दम गेला होता. एक बाई मात्र माझ्याच अंगावर आली. "तुमचं काय जात होतं हो? बरं वाटत होतं ना आम्हाला!" या गलक्यात हातवाले मागच्या जिन्याने उतरले. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं.

मला वाटलं होतं, ताई माझ्या गळ्यात पडेल. ती जिन्यावर भिंतीला टेकून उभी होती. "कापडाचं कळलं मला," ती म्हणाली. "पण जागा? न सांगता जागा कशा ओळखल्या त्याने?"

मी तिला धरायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"तू त्याला खोटं पाडलंस," ती म्हणाली. "आता मला खरं कोण म्हणणार?"

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी भाऊजींचा फोन आला. "डॉक्टरबाईंकडे न्यायचंय. तू येशील का?"

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ताईला विचारलं, "जरा दाबू का?" आणि तिच्या हाताच्या मधोमध, जिथे हातवाल्यांनी कधी स्पर्शही केला नव्हता, तिथे हलकेच अंगठा टेकवला. ताई कळवळली. मग पोटरी. तिथेही तेच. तेवढाच दाब त्यांनी मला दिला, भाऊजींना दिला. आम्हाला काहीच झालं नाही.

"त्याने जागा ओळखल्या नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो दाबेल तिथे तुम्हाला दुखणारच होतं. साधा दाबसुद्धा तुमच्या मेंदूपर्यंत वेदना होऊन पोचतो. हाच तुमचा आजार आहे. तो एक्स-रेत उमटत नाही, पण तो आहे."

ताईने हाताच्या त्याच जागी स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला. "म्हणजे चमत्कार माझ्या दुखण्याचाच होता," ती म्हणाली.

भाऊजींनी चष्मा काढला. "मी तुला म्हणायचो ना, दुखतं कुठून..." त्यांनी तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.

बाहेर बाकावर मी ताईला सांगून टाकलं. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू हसत होतीस म्हणून बोलले नाही."

"बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "पण सांगायला हवं होतंस गं."

कापणीचं टेबल तिला परत मिळालं नाही. आता ती त्याच कारखान्यात चार तास बसून मापांच्या चिठ्ठ्या लिहिते. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. सकाळी कोपऱ्यापर्यंत चालते, वाईट दिवस असेल तर फाटकापर्यंतच. भांडी भाऊजी घासतात. दोन कामांमध्ये ती डोळे मिटून पडते आणि त्याबद्दल आता कुणाची माफी मागत नाही. दुखणं गेलेलं नाही. पलीकडच्या टेबलावर दुसरीच्या हातात कातर फिरताना दिसली की ती मान खाली घालते. ते मी पाहिलं आहे, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

लोक ताईला भोळी म्हणतात. वीस थर एका रेषेत कापणाऱ्या बाईची नजर सहज फसणारी नव्हती. आम्ही तिचं ऐकलं असतं तर ती त्या हॉलमध्ये गेलीच नसती. म्हणून सांगते: क्षणात बरं करतो म्हणणाऱ्याला जरूर विचारा, कसं करतोस, आणि उलगडून दाखवल्याशिवाय त्याला सोडू नका. चालू औषध त्याच्या शब्दावर बंद करू नका. आणि घरातलं माणूस दुखतंय म्हणालं, तर रिपोर्ट काहीही म्हणो, आधी त्याच्याजवळ बसा आणि त्याचं ऐका.