एक तरी खोड

"काका, इतकी वर्षं तुम्ही इथे फुकट पिताय, मग वर नावं कोणत्या तोंडाने ठेवता?"

प्रश्न तिचा नव्हता, पण आवाज खणखणीत तिचाच होता. बाहेर दुकानाच्या काचेला नाकं चिकटवून उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणींनी, चष्मीस आणि पोपटने, तिला शाळेपासून इथवर हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणलं होतं. "तू नाही विचारणार. स्टेजवर बोलणं वेगळं आणि कडूकाकांसमोर बोलणं वेगळं," असं पोपट म्हणाली आणि विषयच संपला. वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला कुणी 'तू नाही करणार' म्हटलं, की ते काम तिने केलंच म्हणून समजावं.

दुकान घरचंच, वाइनचं. दर शनिवारी दुपारी तिचे बाबा आपल्या वाइनचे नमुने लोकांना फुकट चाखायला देत. वाइन त्यांनी स्वतः केलेली, दुकानाखालच्या तळघरात लाकडी पिंपांमधून मुरलेली. लांब काउंटर, त्यावर ओळीने पालथे घातलेले पेले, टोकाला थुंकायचं पितळी भांडं. काउंटरपाशी घड्याळजी पेल्याची दांडी दोन बोटांत धरून उभे होते. लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्यांच्याइतकं कडवट बोलणारं माणूस आसपासच्या चार गल्ल्यांत नव्हतं, म्हणून पोरींनी त्यांचं नाव कडूकाका पाडलेलं. शेजारी पोस्टातल्या मावशी होत्या. त्यांच्या तोंडातला घोट तोंडातच राहिला.

"अगं," हातातला पेला पुसायचा थांबवून बाबा म्हणाले, "माणसांशी असं बोलतात का?"

"बोलू दे रे तिला," घड्याळजी म्हणाले. "चुकीचं काय विचारलंय?"

तिला चेव आला. आता कडूकाका काहीतरी जहरी बोलणार आणि ते वाक्य सोमवारी अख्ख्या वर्गाला ऐकवता येणार. कारण नावं ठेवणं हा त्या दुकानात उद्धटपणा नव्हताच, तो तिथला शिष्टाचार होता, आणि तो घालून दिला होता खुद्द बाबांनी. पेला दांडीला धरायचा. आधी वास, मग घोट. थुंकलात तर राग नाही, भांडं त्याचसाठी ठेवलंय. पुन्हा पुन्हा मागणाऱ्याने आपला पेला आपण विसळायचा. आणि मुख्य म्हणजे, फुकट घेतलंत ना, मग एक तरी खोड काढल्याशिवाय पेला खाली ठेवायचा नाही. तीसुद्धा इथेच, तोंडावर. रस्त्यावर जाऊन नाही. कौतुकाचा हक्क फक्त बाटली विकत घेणाऱ्याला. "कौतुक काय, घरचे पण करतात," बाबा म्हणायचे. "खोड काढायला परका माणूस लागतो."

घड्याळजी या कलेतले उस्ताद. "ओल्या मोज्यासारखी लागतेय," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा बाबा हसत हसत तळघरात गेले होते आणि ते अख्खं पिंप घासून काढूनच वर आले होते. "वाइन आहे की बायकोचा अबोला?" असंही एकदा झालं होतं. त्या वर्षीची वाइन हातोहात खपली होती.

आज मात्र घड्याळजींनी पेल्यात पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं.

"हल्ली नावं कुठे ठेवतो, पोरी?" ते म्हणाले. "छान आहे."

त्यांनी पेला खाली ठेवला, दाराशी खुंटीवर टांगलेली टोपी काढून डोक्यावर चढवली आणि निघून गेले. मावशींनी घाईघाईने घोट गिळला. "हो, छानच आहे," असं पुटपुटत त्याही पिशवी सावरत बाहेर पडल्या.

बाबांचा चेहरा खुलला होता. "ऐकलंस?" ते म्हणाले. "घड्याळजींनासुद्धा खोड सापडत नाही यंदा."

बाहेर आल्याबरोबर चष्मीसने तिची पाठ थोपटली. पोपटने हार मान्य करून कोपरापासून हात जोडले. तिनेही नाटकातल्यासारखं वाकून मुजरा केला, आणि वाकल्या वाकल्याच तिचं हसू विरलं.

छान. हा शब्द त्या काउंटरवर चालतच नव्हता. पण आजच कशाला, गेल्या शनिवारीही छान, त्याच्या आधीही छान. थंडीत बाबा तापाने आडवे झाले होते, त्यातून उठल्यापासून सगळं छानच चाललं होतं. आणि परवा सकाळी शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला होता, तेव्हा बाबा शेजारीच पेपर वाचत बसलेले. "बाबा, समाधी लागली की काय?" असं म्हणून ती केवढी हसली होती. बाबाही हसले होते. जरा उशिराच हसले होते.

"आले गं," एवढंच म्हणून ती पळत सुटली. घड्याळजी कोपऱ्यावर सायकलचं कुलूप काढत होते.

"काका, खोड का नाही काढलीत?"

"आत्ताच तर ओरडलीस, नावं का ठेवता म्हणून."

"तो प्रश्न पैजेचा होता. हा माझा आहे."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. बराच वेळ सायकलची घंटी अंगठ्याने नुसती पुसत राहिले.

"पिंपाला हवा लागलीय," ते शेवटी म्हणाले. "आंबलीय वाइन. पेला नाकापाशी न्यायच्या आधीच कळतं. पहिल्यांदा मला वाटलं, माझी परीक्षा बघतोय. तर त्याने तोच पेला स्वतः हुंगला, डोळे मिटले आणि मला विचारलं, 'सफरचंद जाणवतंय का हो?' मग माझ्या लक्षात आलं. तुझ्या बाबाचं नाक गेलंय."

तिने सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ज्याला दिसत नाही त्याला शर्टावरचा डाग दाखवायचा?"

"त्यालाच दाखवायचा ना. बाकीच्यांना दिसतोच आहे."

घड्याळजींनी तिच्याकडे नीट पाहिलं, जणू ही पोर त्यांना आजच पहिल्यांदा भेटत होती. "तुझं बरोबर असेल," ते म्हणाले. "आम्ही कुणी ठरवून गप्प बसलो नाही. मी बोललो नाही, पोस्टातली बोलली नाही, मग कुणीच बोललं नाही. इतकी वर्षं त्याच्या हातचं फुकट प्यायलोय. आता त्याला रडवून जायचं? माझ्याच्याने नाही होत."

"सोमवारी बाटल्या भरायच्या आहेत. वर्षभराच्या."

घड्याळजी सायकल हातात धरून, न चढता, तसेच चालत गेले.

संध्याकाळी ती दुकानात परतली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आई एका टोकाला बसून रिकाम्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होती. बाबा पेले विसळत होते. आत जायच्या ऐवजी ती काउंटरच्या अलीकडेच थांबली, गिऱ्हाइकं उभी राहतात त्या बाजूला.

"एक नमुना द्या."

"शाळेतल्या पोरांना मिळत नाही," बाबा मान वर न करता म्हणाले.

"पिणार नाही. नाकाला तर बंदी नाही ना?"

बाबांना गंमत वाटली. त्यांनी स्वच्छ पेला घेतला, उजेडात धरून पुन्हा पुसला, दोन बोटं वाइन ओतली आणि मोठ्या माणसाला द्यावी तशी तिच्यापुढे सरकवली. तिने दांडीला धरून पेला उचलला. या दुकानात वाइनचा वास जन्मापासून नाकात बसलेला. वेगळा असा तो कधी घेतलाच नव्हता. तिने पेल्यात नाक घातलं. डोळ्यांत पाणी आलं, ते आधी वासाने आलं.

येताना वाटेत सुंदर वाक्यं जुळवली होती. एकही हाताशी उरलं नव्हतं.

"बाबा, खोड काढू?"

"काढल्याशिवाय पेला खाली ठेवायचा नाही. नियम आहे."

"आंबलीय. काचा पुसायच्या व्हिनेगरसारखा वास येतोय."

आईच्या हातातलं लेबल वाकडं चिकटलं. बाबांनी हळूच लेकीच्या हातून पेला घेतला. वर्षानुवर्षं करत आले तसा गोल फिरवला, नाकाशी नेला, खोल श्वास घेतला. परत घेतला.

"घड्याळजी तर छान म्हणाले," ते म्हणाले.

"त्यांना तुमचं कळलंय. म्हणून छान म्हणाले. मावशींनाही कळलंय. सगळ्यांनाच."

बाबा स्टुलावर बसले.

"नाक गेलंय हे मला माहीत होतं गं," ते सावकाश म्हणाले. "तापातून उठलो तो कशाचाच वास नाही. साबणाचा नाही. तुझ्या आईच्या केसांचा नाही. चवही गेली, नुसतं ओलं लागतं. मी म्हटलं, एक गेलं तर गेलं, शनिवारी इतकी नाकं येतात दुकानात. ते खोड काढतील, मी सुधारेन. ते छान म्हणायला लागले. मला वाटलं, जमलं."

"कुणाला सांगू नका असं मीच म्हटलं होतं," आई लेबलांकडे बघत म्हणाली. "वाटलं, येईल परत. आणि इतके लोक चाखतात, काही असतं तर बोलले असते."

बाबांनी पेला पितळी भांड्यात रिकामा केला. मग उठून दारापाशी गेले आणि 'शनिवारी नमुने मोफत' असं लिहिलेली लाकडी पाटी खिळ्यावरून काढली. ती त्यांनी स्वतः रंगवली होती. तिच्यावरची धूळ ते बाहीने पुसत राहिले, कुठे ठेवायची ते न कळल्यासारखे.

"त्या पिंपाचं व्हिनेगर म्हणून विकता येईल," आई म्हणाली. "बाकीची पिंपं बघायला लागतील."

"कोण बघणार?" बाबा म्हणाले.

ती काउंटरला वळसा घालून आत आली, बाबांच्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली आणि दोघांकडे बघत, स्टेजवरच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाली, "मी. रोज शाळेच्या आधी. प्यायची नाही, नुसती हुंगायची. बाबा शिकवतील."

"नाक नसलेला माणूस काय शिकवणार?"

"कशाचा वास शोधायचा, ते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि शनिवार बंद होणार नाही," ती म्हणाली. "मी इथे तुमच्याशेजारी उभी राहणार. येईल त्याला आधी सांगणार, बाबांना वास येत नाही, तेव्हा छान म्हणून सुटता येणार नाही."

"लोकांना सांगायचं?" आईने विचारलं.

"लोकांना माहीत आहे, आई. आपणच लपवत बसलोय."

बाबा बराच वेळ पाटी छातीशी धरून उभे होते. मग त्यांनी ती पुन्हा खिळ्यावर अडकवली, एक पाऊल मागे येऊन पाहिलं, आणि तिरकी वाटली म्हणून बोटाने सरळ केली.

"पहिला पेला कडूकाकांना," ती म्हणाली. "आणि ते एक तरी खोड काढेपर्यंत खुंटीवरची त्यांची टोपी मी त्यांना घेऊ देणार नाही, सांगून ठेवते."