तेजस्वीचं तिसरं वर्ष

खरवईच्या कमळाकरांच्या घरचे पेढे गावभर वाटून झाले होते. लेक तेजस्वीचं लग्न ठरलं होतं, तेही नात्यातल्याच कोंडाजींच्या मुलाशी. अंबरनाथला स्वतःचं घर, आनंदनगरच्या कारखान्यांना लागलेले टेम्पो! कमळाकरांचे पाय जमिनीवर ठरेनात. कोंडाजींची अट एकच होती, मुलीने बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडायचं. "आता दोन वर्षांवरबी डिप्लोमा भेटतो. मंग तिसरा वर्ष कशाला?" असं ते म्हणाले आणि कमळाकरांनी मान डोलावली. लेकीला विचारावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तुमच्या-आमच्या घरांत तरी कुठे येतं?

पुढच्याच आठवड्यात कमळाकर तेजस्वीला घेऊन डिप्लोमा मागायला कॉलेजात गेले. विभागप्रमुख पद्मजा मॅडमनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"घरी काही अडचण आहे का? आजारपण? कमावतं माणूस गेलं?"

"छे छे! देवाच्या दयेनं सगलं बरं हाय."

"मग ही सोय तुमच्यासाठी नाही," मॅडमचा आवाज चढला. "एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स, त्यापुढे एम.एस्सी., पीएच.डी. मध्येच थांबायची मुभा दिली ती ज्याचं शिक्षण अडलं त्याचे हात रिकामे राहू नयेत म्हणून, आणि सवड मिळताच त्याने परत यावं म्हणून. पण गेल्या वर्षी माझ्या वर्गातून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडल्या त्या सगळ्या मुली! सगळ्यांची लग्नं ठरलेली. एकही परत आली नाही."

कमळाकर चपापले. आपल्या मुलाला, प्रीतमला मात्र त्यांनी चौथं वर्षही करायला बजावलं होतं.

"पण मॅडम, त्यांना डिप्लोमावालीच पायजे."

"का?"

बाहेर येऊन त्यांनी कोंडाजींना फोन लावला. "पोरीचा एकच वर्ष रायलाय. होऊ दे ना पुरा?"

"नको रं बाबा! आमचा पोर दुसरा वर्ष करूनच कॉलेज सोडून बसला. तुझी पोरगी डिग्री झाली त त्याच्या वरती जाल ना! बायको वरचढ चालायची नाय."

कमळाकर सुन्न झाले. म्हणजे सवाल खर्चाचा नव्हता, वेळेचाही नव्हता! शिंप्याने कापड कापावं तशी ही माणसं त्यांच्या लेकीला मुलाच्या मापाची करायला निघाली होती. आणि कात्री कुणी आणून दिली? खुद्द बापाने! त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

तेजस्वी शेजारीच उभी होती. तिच्याकडे वळून त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय करायचं हाय, पोरी?"

"मला एम.एस्सी. करायचंय, बाबा." तेजस्वी म्हणाली. "पण तुम्ही पेढे वाटून पण टाकले."

"पेढे लोकांनी खाल्ले. तुझा वर्ष मी कुनाला खाऊ देनार नाय!"

फोन अजून चालूच होता. कमळाकरांनी तो कानाला लावला. "कोंडाजी, लगीन पोरीची डिग्री झाल्यावर. थांबायचं असल त थांबा."

तिकडून फोन कट झाला. स्थळ मोडलं. भावकीत आता तोंड द्यावं लागणार, हे त्यांना कळत होतं. तरी लेकीला घेऊन ते पुन्हा मॅडमकडे गेले, तिसऱ्या वर्षाचा प्रवेश कधी घ्यायचा ते विचारायला.

वाचकहो, मध्येच थांबायची सोय आहे ती संकटात सापडलेल्यासाठी. मुलगी नवऱ्याहून जास्त शिकली, हे संकट नव्हे!