चांदण्यातला बांबू

बांबूच्या बाबतीत माझा बा इतका कडक होता की त्याच्यापुढे आमच्या शाळेचे हेडमास्तर गरीब गाय वाटावेत. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पाखात, आवसेच्या आगेमागे. चांदण्या पाखात बेटाला कोयता लावायचा नाही. चांदण्यात बांबूत गोड पाणी चढतं आणि गोडावर भुंगा येतो. वरून बांबू धडधाकट दिसतो आणि दोन महिन्यांत आतून त्याचं पीठ होतं. बाचं नाव जानकू. तळेघरच्या आसपासच्या वाड्यांत माणसं म्हणायची, जानकूच्या इरल्याला भुंगा लागला असं कानावर आलं तर समजावं, जानकू गेला.

भात लावणाऱ्या बाईची वाकलेली पाठ पावसात झाकायची ती इरल्याने. बांबूच्या बारीक कामट्यांची, सहा कोनांच्या डोळ्यांची दोन पदरी वीण आणि दोन पदरांच्या मधे पळसाची पानं. बाचं इरलं दहा पावसाळे चालायचं. मग बाजारात प्लॅस्टिकचा कागद आला, युरियाच्या गोण्या आल्या आणि बायांनी त्याच डोक्यावरून घेतल्या. गोणी फुकट मिळते, तिला कोण नाही म्हणणार? बा कोंबड्या झाकायच्या डाली विणायला लागला. पण इरलं झालं की त्यावर हात फिरवून बघायचा, तसा डालीवर कधी फिरवला नाही.

मी, इंद्रायणी, त्याची एकुलती एक मुलगी. पुण्यात पाच वर्षं चित्रकला शिकले. तिथे सगळे म्हणायचे, तुमच्या मातीतलं काहीतरी काढ ना. म्हणजे काय, तर गेरूच्या भिंतीवर पांढरी नाचणारी माणसं. आम्ही महादेव कोळी, वारली नव्हे, हे पाच वर्षांत पन्नास वेळा सांगून झालं. शेवटी मी चिडून ठरवलं की यांना पाठच दाखवायची.

कारण पाठी आमच्या वाडीत घरोघर होत्या. भातलावणीत वाकून वाकून कंबर गेली की बाया घोडेगावला जायच्या, डॉक्टर एक्स-रे काढायला लावायचे आणि ती काळी फिल्म घरी आणून आढ्याला खोचून ठेवायची. औषध संपायचं, दुखणं राहायचं, फिल्मही राहायची. पोरं तिच्यातून ग्रहण बघायची. मी म्हटलं, बारा फुटी इरलं विणायचं आणि पळसाच्या पानांऐवजी मधे या पाठी भरायच्या. पुण्यात होणाऱ्या एका प्रदर्शनात छताला टांगायचं. लोकांनी खाली उभं राहून वर बघायचं.

बाला सांगितलं तेव्हा त्याने अंगणात पावलं टाकून बारा फूट मोजून बघितले. मग म्हणाला, "बारा फुटी इरलं कुनी घालायचं?"

"सगळ्यांनी."

तो हसला आणि त्याने कोयत्याला धार लावायला घेतली. सात-आठ वर्षांनी कुणीतरी त्याच्याकडे इरलं मागितलं होतं. एकोणतीस घरांतून मी फिल्मा गोळा केल्या, त्याही बाच्या शब्दावर. वाडीतल्या साळुआत्याने स्वतःची फिल्म देताना बजावलं, "इंदे, माझी पाठ हाये ती, हरवू नको."

२००४च्या जानेवारीत पीयूषचा फोन आला. पीयूष म्हणजे घोडेगावच्या हार्डवेअरवाल्या पारसमलशेठचा मुलगा, माझ्या शाळेतला. आता पुण्यात आर्किटेक्ट झाला होता आणि हे प्रदर्शन त्यानेच जमवलं होतं. तळेघरच्या एसटीडी बूथवर त्याचा आवाज तुटत होता. "इंदू, प्रदर्शन दीड महिना अलीकडे आलंय. शिमग्यानंतरच्या रविवारी. दिल्लीहून एक बाई येतायत, नव्या संग्रहालयासाठी एक काम निवडणार. मी तुझं नाव सांगितलंय. जमेल ना?"

मी "जमेल" म्हटलं आणि घरी येऊन कॅलेंडर बघितलं. आवस होऊन अकरा दिवस झाले होते. पुढची यायला अठरा दिवस होते. बा आवसेच्या आधीच कळंबला, त्याच्या बहिणीकडे कांद्याच्या लागणीला गेला होता. विचारायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. मला वाटलं, चंद्राचा आणि बांबूचा काय संबंध? पाच वर्षं शिकलेय मी. पारसमलशेठच्या दुकानात वाळवीचं औषध मिळतं, दोन हात मारले की झालं. दोन दिवसांत मी एकटीने आमच्या बेटातले तीस बांबू तोडले. आज हिशेब करते तर अठरा दिवस थांबूनही जमलं असतं.

पाचव्या दिवशी बा परत आला. बेटाजवळ गेला, खाली बसला आणि एका खुंटावरून अंगठा फिरवला.

"कवा तोडला?"

"आवसेला," मी म्हणाले. "तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी."

त्याने अंगठा धोतराला पुसला. "बरं," म्हणाला.

विणायला बसलो तेव्हा त्याने पहिली कामटी सवयीप्रमाणे दातात धरली आणि थोडी चावली. माझ्याकडे बघितलं. "गोड लागतीया," म्हणाला.

"यंदा पाऊस जास्त झाला ना," मी म्हणाले. तोंडाला येईल ते बोलले. बांबूंना वरून औषधाचा वास येत होता, तो पॉलिशच्या आधीचा हात आहे म्हणून सांगितलं. तो पुन्हा "बरं" म्हणाला आणि विणायला लागला. दीड महिना आम्ही दोघं समोरासमोर बसून विणत होतो. बाची बोटं मी लहानपणापासून बघत आले होते, पण त्या दिवसांत ती फार सावकाश चालायची. मधेच थांबून तो माझ्याकडे बघायचा. मी मान वर केली की पुन्हा कामाला लागायचा. मला वाटायचं, वय झालं.

टेम्पोने इरलं पुण्याला गेलं, छताला चढलं. आत दिवे लावले आणि एकोणतीस घरांच्या पाठी उजळल्या. पीयूष खाली उभा राहिला आणि एकेक मणका बोटाने मोजायला लागला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, गर्वच झाला.

गुरुवारी सकाळी मी जमिनीवर पीठ बघितलं. चिमूटभर, पिवळसर, कुणी पिठाचा हात झटकला असावा इतकंच. मी ओढणीने पुसून टाकलं. शुक्रवारी मूठभर होतं. शनिवारी मी शिडीवर चढून कामटीला कान लावला. आतून कुरकुर ऐकू येत होती. मी खाली उतरले. पीयूषला सांगावं तर तो काम काढून टाकणार. न सांगावं तर उद्याचा एक दिवस निघेल, ती बाई निवड करून जाईल, मग पुढचं पुढे. मी झाडू मागवला आणि कोपऱ्यात लपवून ठेवला.

रविवारी बा आला. सोबत साळुआत्या. दोघं पहाटेच्या एसटीने निघाले होते. बाने धुतलेलं धोतर, काळी बंडी आणि टोपी घातली होती. साळुआत्या इरल्याखाली गेली, वर बघत दोनदा गोल फिरली आणि ओरडली, "आगं बया, ही माझी पाठ! पोलक्याचा हूक ऱ्हायला व्हता बघ, त्यो दिसतोय!" सगळे हसले. आत्या लाजली आणि पुन्हा वर बघायला लागली.

बा हसला नाही. तो इरल्याखाली उभा होता आणि त्याच्या काळ्या बंडीच्या खांद्यावर पीठ पडत होतं. त्याने ते बोटावर घेतलं, बोटं चोळली. मी चार हातांवर होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात पीयूष दिल्लीच्या बाईंना घेऊन आला. बाई खूप वेळ वर बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते काही नाटक नव्हतं. हिंदीत म्हणाल्या, आम्हाला हेच हवं आहे. मग बाकडे वळल्या. पीयूषने त्यांचा प्रश्न मराठीत सांगितला, "जानकूबाबा, त्या विचारतायत, हे किती वर्षं टिकेल?"

या प्रश्नाचं उत्तर बाने आयुष्यभर एकच दिलेलं होतं. दहा पावसाळं. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले की आज तेवढं म्हण, फक्त आज.

"न्हाई टिकायचं," बा म्हणाला. "भुंगा लागलाय. पावसाळ्यापतूर समदं पीठ व्हईल."

पीयूषला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. "असं कसं? तुमचं काम तर..."

"बांबू चांदण्यात तोडला. माझी चूक झाली."

साळुआत्याने गर्रकन वळून बाकडे बघितलं. पीयूषने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाई समोर होत्या, फोटोवाला समोर होता आणि भिंतीवर माझ्या नावाची पाटी होती. मी मनाशी म्हटलं, ही परकी माणसं आहेत, उद्या यांना बाचं तोंडही आठवणार नाही. आणि मी गप्प राहिले.

बाईंनी बाला नमस्कार केला आणि पुढच्या दालनात गेल्या. पीयूष वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "इंदू, आत्ताच उतरवावं लागेल. शेजारी लाकडाची कामं आहेत, त्यांना लागेल." मी, बा आणि साळुआत्याने मिळून वीण कापली, फिल्मा एकेक करून काढल्या, पुसल्या. सांगाडा मागच्या मोकळ्या जागेत नेऊन जाळला. दीड महिन्याचं काम, पण जळायला काही वेळ लागला नाही.

संध्याकाळच्या एसटीत आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. मी मधे होते आणि फिल्मांचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं.  मंचरला गाडी थोडी रिकामी झाली तशी साळुआत्या माझ्यावरून वाकून बाला म्हणाली, "जानकूभाऊ, तुमी चांदण्यात कोयता लावला? तुमी?"

"झाली चूक," बा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"आवं पर कशी व्हईल? माझ्या सासूचं इरलं तुमी इनलेलं, आजून माळ्यावर हाये. वाडीत सांगितलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाई." ती चुकचुकली. "वय झालं म्हना तुमचं."

 वाडीत सांगितलं तर, असं आत्या म्हणत होती, आणि ती सांगणार हे नक्की होतं. उद्या सकाळी नळावर, दुपारी बांधावर. जानकूच्या इरल्याला भुंगा लागला. पुण्याची माणसं विसरतील, पण ही विसरणार नाहीत. बा मेल्यावरही हेच सांगतील. 

"मी तोडला," मी म्हणाले. गाडीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून जोरात बोलले. पुढच्या बाकावरचा पाव्हणा मान वळवून बघायला लागला. "बा कळंबला होता, आत्या. मी तोडला, चांदण्यात. आणि त्याला आवसेला तोडला म्हणून सांगितलं. तिथं तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी बोलू दिलं."

साळुआत्या माझ्याकडे बघतच राहिली. मग मला ओलांडून तिने बालाच विचारलं, "आन् तुमाला कळलं न्हाई? तुमाला?"

"कळलं व्हतं," बा म्हणाला. "खुंट वलं व्हतं."

"मंग इनलं कशापायी?"

बाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "रोज वाटायचं, आज सांगल," तो म्हणाला. "इनून व्हईस्तवर वाट बघितली."

मी रडले. एसटीत, लोकांसमोर, गाठोड्यावर तोंड ठेवून. साळुआत्याने पाठीवर हात ठेवला, पण बाने ठेवला नाही. गाडी घोडेगाव सोडून घाटाला लागली तेव्हा तो म्हणाला, "फिल्मा घरोघर तूच दे. आन् देताना सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पहिलं घर प्रयागबाईचं. ती दारात भात पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिने फिल्म घेतली, उजेडाकडे धरून स्वतःची पाठ नीट आहे ना बघितली आणि कौतुकाने म्हणाली, "झालं का गं तुमचं परदर्शन?"

"जाळावं लागलं, मावशी. भुंगा लागला. बांबू मी चांदण्यात तोडला होता आणि बाला खोटं सांगितलं."

प्रयागबाईचा हात फिल्मसकट खाली आला. तिने आमच्या घराकडे बघितलं. बा अंगणात बसून डालीसाठी कामट्या काढत होता.

"आन् जानकूला ठाव नव्हतं?" तिने विचारलं.

"होतं," मी म्हणाले. तिने फिल्म आत नेऊन पुन्हा आढ्याला खोचली. अजून अठ्ठावीस घरं राहिली होती.